कॉफी हाऊस कोणाचे?

सोलापुरातील जुन्या पिढीला ‘जुनी मिल’ एवढे दोन शब्द पुरतात. मोरारजी गोकुळदास यांनी उभारलेली, १८७७ साली सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची ही गिरणी. या शहराची गिरणगाव म्हणून जी ख्याती झाली, तिचा आरंभ येथूनच झाला. २७ ऑगस्ट १९४९ रोजी ही गिरणी बंद झाली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार ताब्यात घेतला आणि पुढे त्याच वटहुकुमाचा कायदा झाला. एका भागधारकाने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात केलेला अर्ज डिसेंबर १९५० मध्ये फेटाळला गेला. मात्र द्वारकादास श्रीनिवास यांच्या खटल्यात, डिसेंबर १९५३ मध्ये, भरपाई न देता मालमत्ता हिरावून घेणारा म्हणून तो कायदा घटनाबाह्य ठरला. १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीला जे निकाल कारणीभूत झाले, त्यांत हाही एक होता. घटनेच्या अभ्यासकांना सोलापूरचे नाव आजही प्रामुख्याने या खटल्यामुळे ठाऊक असते.

या खटल्यात भागधारक होते, कंपनी होती आणि सरकार होते. ज्याची भाकरी त्या गिरणीवर अवलंबून होती तो कामगार मात्र मालकीच्या या वादात पक्षकारच नव्हता. गिरणी कोणाची, या प्रश्नाच्या उत्तरात त्याचे नाव येऊ शकेल अशी कल्पनाही कोणी केली नसावी. परंतु त्याच दशकात, अगदी निराळ्या व्यवसायात, असे उत्तर मिळाले. ती हकीकत कॉफी हाऊसची होय.

मंदीचे अपत्य

आज ज्या कॉफी हाऊसचे नाव साहित्य, राजकारण आणि विद्यार्थ्यांच्या वादविवादांशी जोडले जाते, त्याचा जन्म या कशासाठीही झालेला नव्हता. १९३० नंतरच्या जागतिक मंदीत कॉफीचे भाव कोसळले. कूर्ग, म्हैसूर, निलगिरी येथील मळेवाले हवालदिल झाले. परदेशी गिऱ्हाईक हात आखडता घेत असेल तर देशातच गिऱ्हाईक निर्माण केले पाहिजे, हा विचार पुढे आला. चहावाल्यांनी १९०३ सालापासून आपल्या मालावर उपकर बसवून प्रचाराचा खर्च भागवला होता. कॉफीवाल्यांनी त्याच वाटेने जायचे ठरवले. १९३५ साली कॉफी उपकराचा कायदा झाला, त्यानुसार एक समिती नेमली गेली, आणि या समितीने १९३६ साली मुंबईत चर्चगेट येथे पहिले ‘इंडिया कॉफी हाऊस’ उघडले. या साखळीचा पहिला दुवा महाराष्ट्रात जोडला गेला, हे फारसे कोणाच्या स्मरणात नाही.

दुसऱ्या महायुद्धाने युरोपची बाजारपेठ तोडली. १९४२ च्या कायद्याने कॉफी बोर्डाची व्यवस्था पक्की केली आणि मळ्यांतील पीक गोळा करून विकण्याचे काम बोर्डाकडे आले. त्या दशकात देशभर पन्नासच्या आसपास कॉफी हाऊसे झाली. कलकत्त्यात प्रेसिडेन्सी कॉलेजच्या समोर, जुन्या अल्बर्ट हॉलमध्ये, १९४२ साली निघालेले कॉफी हाऊस तर पुढे बंगालच्या बौद्धिक जीवनाचे एक केंद्रच बनले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. खाजगी हॉटेलवाला गिऱ्हाईक किती वेळ बसतो हे मोजतो, कारण त्याचा नफा खुर्ची किती वेळा रिकामी होते यावर ठरतो. बोर्डाला मुख्यतः लोकांना कॉफीची सवय लावायची होती. त्यामुळे एका पेल्यावर तास दोन तास बसणारा विद्यार्थी, पगाराच्या आदल्या आठवड्यात खिसा चाचपणारा कारकून, मासिकाचा अंक हाती घेऊन वाद घालणारा शिक्षक, हे त्याला नुकसानीचे गिऱ्हाईक वाटण्याचे कारण नव्हते. कॉफी हाऊसची जी संस्कृती म्हणून गौरवली जाते, तिचे मूळ मालकाच्या या निराळ्या हिशेबात आहे.

नोकर मालक झाले

परंतु ज्या धोरणापोटी एखादी संस्था जन्मते, ते धोरण बदलले की तिचा आधारही सुटतो. १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यास बोर्डाने ही कॉफी हाऊसे बंद करण्याचे ठरवले. बोर्डाच्या दृष्टीने तो एक प्रशासकीय निर्णय होता. पांढरा पोशाख, रुंद पट्टा आणि डोक्यावर तुरेदार फेटा घालून पेले वाहणाऱ्या माणसांच्या दृष्टीने तो उपासमारीचा हुकूम होता.

या कामगारांचे नेते होते साम्यवादी पुढारी ए. के. गोपालन. बंद करायचीच असतील तर ही कॉफी हाऊसे कामगारांच्या स्वाधीन करा, ती आम्ही चालवू, अशी भूमिका घेऊन चळवळ झाली आणि बोर्डाला ती मान्य करावी लागली. १९ ऑगस्ट १९५७ रोजी बंगळुरात कामगारांची पहिली सहकारी संस्था सुरू झाली, २७ डिसेंबर १९५७ रोजी दिल्लीत दुसरी झाली. ८ मार्च १९५८ रोजी केरळात त्रिचूर येथे नव्या व्यवस्थेतील कॉफी हाऊस उघडले. त्याच वर्षी कलकत्त्याचे कॉफी हाऊस बंद होण्याची वेळ आली, तेव्हा प्रेसिडेन्सी कॉलेजच्या आणि विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी सरकारकडे अर्ज केला आणि ते पुन्हा सुरू झाले. ‘इंडिया कॉफी हाऊस’चे नाव बदलून ‘इंडियन कॉफी हाऊस’ झाले. पाटीवर एका अक्षराचा काय तो फरक पडला. मालकी मात्र मुळापासून बदलली.

आज या नावाला एकच एक मालक नाही. निरनिराळ्या राज्यांत स्वतंत्र सहकारी संस्था आहेत. नाव, फेटा आणि दराबाबतचा संयम तेवढा समान आहे. तिरुवनंतपुरम येथे तर लॉरी बेकर यांनी आखलेल्या चक्राकार लाल इमारतीत एक कॉफी हाऊस चालते आणि वास्तुशास्त्राचे विद्यार्थी ते मुद्दाम पाहायला जातात.

इंग्लंडातील उलटा प्रवास

याच्या अगदी विरुद्ध दिशेने इंग्लंडातील पब गेले. पब म्हणजे आपल्याकडील गुत्ता नव्हे. तेथील खेड्यात चावडी, पार आणि क्लब ही तिन्ही कामे तो करीत आला आहे. बहुसंख्य पब एकेकाळी बिअर गाळणाऱ्या मोठ्या कारखानदारांच्या मालकीचे होते आणि तेथे त्याच कारखान्याचा माल विकावा लागे. ही मक्तेदारी मोडण्यासाठी सरकारने १९८९ साली आदेश काढला. २००० हून अधिक पब असलेल्या कारखानदाराने त्यावरील निम्मे पब या बंधनातून मोकळे करावेत, असा त्याचा आशय होता. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की कारखानदारांनी हजारो पब विकून टाकले आणि ते पंच टॅव्हर्न्स, एंटरप्राइज इन्स यांसारख्या कंपन्यांच्या हाती गेले. या कंपन्या बिअर गाळत नव्हत्या. कर्ज काढून त्यांनी पब घेतले होते, आणि पब चालवणाऱ्या भाडेकऱ्याकडून भाडे व चढ्या भावाच्या मालातला नफा मिळवून त्यांना ते कर्ज फेडायचे होते. २००८ च्या आर्थिक अरिष्टात ही गणिते कोलमडली. पंचच्या मालकीचे सुमारे १९०० पब २०१७ साली हायनेकेन या बिअर कारखानदाराकडे गेले, म्हणजे चक्र फिरून पुन्हा तेथेच आले. एंटरप्राइजचा वारसा सांगणारी कंपनी २०२० साली स्टोनगेट या दुसऱ्या साखळीने घेतली. मध्यंतरी हजारो गावांतील पब कायमचे बंद झाले.

कारखानदाराला पब हवा होता तो बिअर खपवण्यासाठी, कंपनीला हवा होता तो भाड्यासाठी. कॉफी बोर्डाला कॉफी हाऊस हवे होते ते कॉफीच्या प्रचारासाठी. या सर्वांच्या दृष्टीने ती जागा दुसऱ्या कशाचे तरी साधन होती. साधन निरुपयोगी झाले की माणूस ते टाकून देतो, यात नवल नाही. ज्याचे पोटच त्या जागेवर आहे त्याला ती टाकता येत नाही.

मालकीच्या मर्यादा

तथापि कामगारांची मालकी हा रामबाण उपाय आहे, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. धंदा कामगारांचा झाला तरी जागा अनेकदा दुसऱ्याची राहिली. दिल्लीचे कॅनॉट प्लेसमधील कॉफी हाऊस आणीबाणीत, १९७६ साली, जमीनदोस्त झाले. बंगळुरातील महात्मा गांधी रस्त्यावरचे कॉफी हाऊस २००९ साली जागा सोडून चर्च स्ट्रीटवर गेले. पहिले कॉफी हाऊस ज्या मुंबईत निघाले, तेथे तर जमिनीच्या भावापुढे स्वस्त कॉफीचा टिकाव लागणे आणखी कठीण. मुंबईतच कुर्ल्याचा कमानी ट्यूब्ज हा कारखाना १९८८ च्या सुमारास कामगारांच्या सहकारी संस्थेने चालवायला घेतला. देशभर त्याचे कौतुक झाले, पण काही वर्षांनी तोही अडचणीत आला. भांडवल, यंत्रसामग्री आणि बाजारपेठ यांची गरज मालक बदलल्याने नाहीशी होत नाही. कॉफी हाऊस चालवायला भट्टी, पेले आणि माणसे पुरतात. गिरणीला तेवढ्याने भागत नाही.

ही मर्यादा मान्य करूनही एक प्रश्न उरतो. बंद पडणाऱ्या संस्थेच्या कामगारांना ‘तुम्ही ती चालवाल काय?’ असे निदान विचारायला काय हरकत आहे? इंग्लंडात २०११ च्या कायद्याने गावकऱ्यांना थोडीशी तशी संधी दिली. गावाच्या उपयोगाची म्हणून नोंदलेली वास्तू विक्रीला निघाली, तर बोली लावण्यासाठी त्यांना मुदत मिळते. या तरतुदीचा आधार घेऊन काही गावांनी आपले पब विकत घेतले आहेत. हक्क विकत घेण्याचा नाही, केवळ विचारले जाण्याचा आहे. तरीही त्याने फरक पडतो.

सोलापूरला ही भाषा परकी वाटण्याचे कारण नाही. कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांची, गोदूताई परुळेकर यांचे नाव धारण करणारी दहा हजार घरांची सहकारी वसाहत २००६ साली उभी राहिली. दिवसभर विड्या वळणाऱ्या बायका आपल्या घराच्या मालकीण झाल्या. जुनी मिल बंद झाली तेव्हा तेथील कामगाराला कोणी काहीच विचारले नव्हते. कॉफी हाऊसच्या वाढप्यांनाही कोणी आपण होऊन विचारले नाही, त्यांनी ते विचारायला भाग पाडले. पुढच्या वेळी या शहरातील एखाद्या कारखान्याच्या दारावर टाळे लागण्याची वेळ येईल, तेव्हा किल्ली कोणाकडे द्यायची याची चर्चा भागधारक आणि सरकार एवढ्यांतच होऊ नये.