‘गाडी चालू होऊन नाही राहिली’ : एका वाक्याची अर्थनिश्चिती

यवतमाळ जिल्ह्यात जुनी छोटी मोटार अडली म्हणजे मालक मिस्त्रीला सांगतो, ‘गाडी चालू होऊन नाही राहिली.’ वऱ्हाडी बोलीतील हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असले, तरी निदानाच्या दृष्टीने द्व्यर्थी आहे. किल्ली फिरवूनही इंजिन हलत नसेल, तर दोष बॅटरी, तिच्या तारा किंवा स्टार्टर यांत संभवतो. इंजिन नेहमीच्या वेगाने फिरते, पण पेट घेत नाही, अशी अवस्था असल्यास मात्र हे तिन्ही भाग बहुधा दोषमुक्त ठरतात.

१९८३ साली रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० चे कार्ब्युरेटर असलेले जुने रूप उदाहरणादाखल घ्यावे. तिच्यात प्रथम ठिणगी पाहावी. ती नसेल, तर कॉइल, डिस्ट्रिब्यूटर व तारा तपासाव्यात. ठिणगी असून प्लग कोरडा असेल, तर पेट्रोल पोहोचत नाही; प्लग ओलाचिंब असेल, तर ते अधिक झाले आहे. ठिणगीही नाही, पेट्रोलही नाही आणि इंजिन वाजवीपेक्षा हलके फिरते, असे आढळल्यास टायमिंग बेल्ट तुटल्याची शंका घ्यावी. कारण डिस्ट्रिब्यूटर आणि पेट्रोलपंप या दोहोंना गती कॅमशाफ्टकडूनच मिळते.

सारांश, ‘सेल्फ फिरतो का?’ हा मिस्त्रीचा पहिला प्रश्न यंत्राइतकाच वाक्यार्थाविषयीचा आहे. तो न विचारता बदललेली बॅटरी म्हणजे मालकाला निष्कारण पडलेला भुर्दंड होय.