टर्बोचा आवाज आणि इंजिनाची तब्येत

मालेगाव किंवा इचलकरंजीच्या लूम कारखान्यात ज्यांनी तासभर घालवला असेल, त्यांनी एक गोष्ट पाहिली असेल. शंभर मागांच्या खडखडाटात कारागिराचा कान आपल्याच मागावर असतो. धोटा अडखळला की नजर जाण्याआधी त्याला आवाजावरून कळते. शिलाई मशीनवर बसणाऱ्या टेलरचेही तसेच. पण हाच कारागीर, हाच व्यापारी गाडीत बसला की काचा वर करतो, गाणी लावतो आणि इंजिन काय सांगते आहे ते ऐकतच नाही. या दुर्लक्षाची किंमत मी स्वतः मोजली आहे, म्हणून हा विषय घेतला.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात आठवडी बाजारांना कपडा, भांडी, चपला, फळे घेऊन फिरणारे पुष्कळ बांधव आहेत. त्यांच्या पिकअप, जीप, टेम्पो बहुतेक डिझेलवर चालतात आणि आजच्या जवळपास प्रत्येक डिझेल गाडीला टर्बो असतो. आता तो लहान पेट्रोल मोटारींतही आला आहे. टर्बो म्हणजे काय, हे मात्र फार थोड्यांना नीट माहीत असते.

इंजिनातून जळून बाहेर पडणारा वायू गरम आणि जोरदार असतो. साध्या इंजिनात हा जोर सायलेन्सरवाटे फुकट जातो. टर्बोमध्ये त्याच्या वाटेत एक छोटा पंखा बसवलेला असतो. वायूच्या जोराने तो फिरतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो. तो एअर फिल्टरमधून हवा ओढतो आणि दाबाने इंजिनात कोंबतो. हवा जास्त मिळाली की डिझेल जास्त घालता येते, ते नीट जळते आणि लहान इंजिन मोठे ओझे ओढते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले होते.

खरी गंमत त्या दांड्याची आहे. तो मिनिटाला एक लाखाहून अधिक फेऱ्या घेतो, लहान टर्बोत तर दोन लाखांच्या आसपास. बहुतेक टर्बोत त्याला आधार असतो तो फक्त बुश आणि त्यातल्या ऑइलच्या पातळ थराचा. दांडा त्या थरावर तरंगतो. थर तुटला की धातू धातूला लागतो आणि पुढचा खेळ काही क्षणांचा असतो. टर्बोचे बरेचसे आजार ऑइलपासून सुरू होतात ते यामुळेच.

आता आवाजाकडे वळू. गाडी ओझ्याखाली असताना, म्हणजे करंजी घाट किंवा इमामपूर घाट चढताना, बारीक शिट्टीसारखा आवाज येणे हा आजार नव्हे. हवा पंख्यातून वेगाने जाते, तिचा तो आवाज. नवी गाडी घेतल्यापासून तो तेवढाच असेल तर काळजी नको. काळजी करायची ती आवाज बदलला तर. म्हणून गाडी चांगली असतानाच एकदा काच खाली करून, त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये आवाज ऐकून ठेवावा. घाटात डोंगराच्या बाजूने जाताना तो भिंतीवरून परत येतो आणि स्वच्छ ऐकू येतो. गॅरेजमध्ये उभ्या गाडीला रेस करून फारसे कळत नाही, कारण ओझे नसले की टर्बो पुरता दाब धरत नाही. उभ्या गाडीत, स्लोवर चिरचिर ऐकू आली तर आधी बेल्ट आणि डायनॅमो पाहा. एसी लावल्यावर आवाज बदलला तर संशय तिकडेच जास्त.

सगळ्यात जास्त आढळणारा बिघाड म्हणजे दाबाची हवा गळणे. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनापर्यंत रबरी पाइप असतात. पाइप चिरला, क्लिप ढिली झाली की पॅडल दाबताच 'फुस्स' किंवा 'सूंऽऽ' असा आवाज येतो. गाडी पिकअप धरत नाही, डिझेल जास्त खाते, मागून काळा धूर निघतो. इंजिनाला हवा कमी आणि डिझेल जास्त मिळाल्याने आतली उष्णता वाढते, काजळी साचते. खर्च मात्र एका पाइपाचा किंवा क्लिपचा असतो. जिथे गळती असते तिथे बहुधा ऑइलचा ओलसर डाग आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसते. जाता जाता सांगतो, पाइपाच्या आत ऑइलचा हलका हात लागणे स्वाभाविक आहे; इंजिनाची वाफ त्याच वाटेने परत जाते. तेवढा डाग दाखवून कोणी नवा टर्बो गळ्यात मारत असेल तर दुसऱ्या मिस्त्रीला जरूर विचारा.

इथे एक नवी अडचण आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले. त्यानंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी जाळी सायलेन्सरच्या वाटेत असते. काळा धूर त्या जाळीतच अडकतो, मागे दिसत नाही. पूर्वी मागचा गाडीवाला हॉर्न वाजवून तरी सांगत असे. आता जाळी तुंबून दिवा लागेपर्यंत पत्ता लागत नाही. अशा गाडीत कानाचे काम वाढले आहे.

टर्बोच्या गरम बाजूला, मॅनिफोल्डच्या गॅसकेटमधून वायू गळत असेल तर 'फट-फट' किंवा 'टिक-टिक' येते. थंड गाडीत तो जास्त ऐकू येतो, धातू तापून फुगला की कमी होतो. त्यामुळे 'गेला आवाज' म्हणून माणूस विसरतो. जोडाजवळ काळा पट्टा दिसला तर गॅसकेट बदलावे, कारण तो विषारी वायू केबिनमध्येही शिरू शकतो.

तिसरा आवाज सायरनसारखा. इंजिनाच्या वेगाबरोबर चढतो, उतरतो आणि दिवसागणिक मोठा होतो. बुश झिजले आणि दांडा डुलू लागला याची ती निशाणी. आमच्या दुकानाच्या पिकअपला हाच आवाज लागला होता. ईदचा माल आणायला मालेगावला निघालो होतो. राहुरीच्या पुढे पुतण्या म्हणाला, "चाचा, गाडीला सायरन लागला." मी म्हणालो, "चालू दे, येताना बघू." येवल्याजवळ ओढ गेली आणि मागे निळा धूर सुरू झाला. माल दुसऱ्याच्या टेम्पोने आणावा लागला, तोही दोन दिवस उशिरा. गॅरेजवाल्याने नवा टर्बो बसवला. तीन महिन्यांत तोच सायरन पुन्हा! मग एका जुन्या मिस्त्रीने टर्बोला ऑइल नेणारी बारीक नळी खोलून माझ्या हातात दिली. आत कार्बन इतका साचला होता की शिलाईची सुई मुश्किलीने जाईल. पहिल्या गॅरेजने ती नळी पाहिलीच नव्हती. पण चूक माझीही होती. ऑइल बदलायची वेळ आली की 'अजून हजार किलोमीटर जाऊ दे' म्हणणारा मीच.

सायरनच्या पुढची पायरी म्हणजे खरखर, धातू घासल्याचा आवाज. पंखा आपल्या घरालाच लागतो आहे. इथे 'गावापर्यंत जाऊ' असे म्हणू नये. गाडी बाजूला घेऊन बंद करावी आणि टो करून न्यावी. पंख्याचा तुकडा इंजिनात गेला तर पिस्टन, व्हॉल्व्ह सगळेच जाते. त्याहून भयंकर म्हणजे टर्बोचे सील फुटून ऑइल इंजिनात जाणे. डिझेल इंजिन ते ऑइलच इंधन म्हणून जाळते, आपोआप रेस होत जाते आणि चावी काढली तरी बंद होत नाही. हाताच्या गिअरची गाडी असेल तर पूर्ण ब्रेक दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडावा म्हणजे इंजिन दबून बंद पडते. ते जमले नाही तर माणसे दूर न्यावीत. बॉनेट उघडून हवेच्या तोंडाशी हात किंवा कपडा लावू नये, ओढले जाते.

पेट्रोल टर्बोत पॅडल सोडल्यावर फडफड किंवा 'पिस्स' ऐकू येते. दाबाची हवा परत फिरते किंवा सोडली जाते, तिचा हा आवाज. पिस्स चालेल. पॅडल दाबलेले असतानाही फडफड येत असेल तर दाखवावी.

टर्बोचा दुसरा शत्रू धूळ. आपल्याकडे उन्हाळ्यातली धूळ आणि गळीत हंगामात उसाच्या गाड्यांमागचा पाचट-कचरा यांनी एअर फिल्टर लवकर भरतो. फाटका फिल्टर तर सरळ पंख्याची धार खातो. आपल्या नगरमध्ये व्हीआरडीई ही लष्करी वाहनांची संशोधन संस्था आहे, पण आपल्या पिकअपचा फिल्टर झाडून बघायला तिथून कोणी येणार नाही.

घाट चढून किंवा लांबून वेगात आल्यावर चावी लगेच काढू नये. मिनिटभर स्लोवर चालू द्यावी, म्हणजे तापलेल्या टर्बोतले ऑइल जळून कार्बन होत नाही. सकाळी सेल्फ मारल्याबरोबर रेस करू नये. ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचेच घालावे.

टर्बो बदलायची वेळ आलीच तर मिस्त्रीला चार गोष्टी विचाराव्यात. जुना दांडा आत-बाहेर हलतो का? बाजूला किंचित हलणे चालते, पुढे-मागे जाणवेल इतके हलणे चालत नाही. ऑइलची नळी नवी टाकणार का? इंटरकूलरमध्ये साठलेले ऑइल आणि तुकडे धुऊन काढणार का? आणि पहिल्यांदा चालू करण्याआधी नव्या टर्बोत ऑइल भरणार का? कोरड्या बुशवर पहिला सेल्फ बसला तर नवा टर्बो गॅरेजच्या दारातच अर्धा मरतो.