घर बदलताना औषधांची पिशवी हातात ठेवा

पत्र्याच्या खोलीतून पक्क्या घरात जाण्याची आस वस्तीतल्या प्रत्येक कुटुंबाला असते. रमाई आवास योजनेतून 269 चौरस फुटांचे घरकुल मंजूर झाले की सामान मात्र बहुधा दोनदा हलवावे लागते. जुने घर पाडले की आधी शेडमध्ये किंवा भाड्याच्या खोलीत जायचे आणि बांधकाम झाले की नव्या घरात. हप्ते बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे मिळत असल्याने मधला मुक्काम लांबतो. जळगावचे पिंप्राळा हुडको असो की धुळ्याचे देवपूर, या धावपळीत भांडीकुंडी नीट पोहोचतात; दवाखान्याचे कागद आणि गोळ्या मात्र एखाद्या गोणीच्या तळाशी जातात. खरे नुकसान तिथे होते.

पहिली पिशवी औषधांची

सामान बांधण्याआधी एक कापडी पिशवी वेगळी काढा. तिच्यात रोजच्या गोळ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, तपासणीचे रिपोर्ट, आधार कार्ड, रेशन कार्ड आणि बाळाचे लसीकरण कार्ड ठेवा. ही पिशवी टेम्पोत टाकू नका, घरातल्या एका जबाबदार माणसाच्या खांद्याला द्या. बीपी आणि साखरेच्या गोळ्या किमान पंधरा दिवस पुरतील एवढ्या आधीच आणून ठेवा.

घरात क्षयरोगाचा रुग्ण असेल तर जास्त काळजी घ्या. साध्या क्षयरोगाचा उपचार किमान 6 महिने चालतो. खोकला थांबला, वजन वाढले म्हणून मधेच गोळ्या सुटल्या तर आजार उलटतो आणि औषधांना दाद न देणारा होऊ शकतो. घर बदलण्याआधी आपल्या आरोग्य केंद्रात नवा पत्ता सांगा. निक्षय नोंदणीचा क्रमांक असेल तर उपचार नव्या केंद्राकडे वर्ग होतो. पोषण आहारासाठी नोव्हेंबर 2024 पासून महिन्याला 1000 रुपये मिळतात. बँक खाते तेच ठेवा, म्हणजे पैसे अडकणार नाहीत.

बाळाची लसही चुकू देऊ नका. गोवर-रुबेलाचा पहिला डोस 9 महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा 16 ते 24 महिन्यांत देतात. कार्ड दाखवले की कोणत्याही सरकारी केंद्रात लस मोफत मिळते. उशीर झाला तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला डोस घ्यायचा.

दिवस कोणता निवडावा?

मुहूर्त पाहू नका, नळाला पाणी येण्याचा वार पाहा. नव्या जागी पोहोचलो आणि पाणी चार दिवसांनी येणार, तर मिळेल ते पाणी प्यायले जाते आणि पोरांना जुलाब लागतात. पिण्याचे दोन हंडे उकळलेले पाणी सोबत न्या. कुणाला जुलाब लागलेच, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजत राहा.

एप्रिल-मे महिन्यांत खान्देशात पारा 45 अंशांवर जातो. सामान सकाळी दहाच्या आत किंवा ऊन उतरल्यावर हलवा. म्हातारी माणसे, गरोदर बाया आणि सिकलसेलचे रुग्ण यांनी ओझे उचलू नये. ऊन, तहान आणि दमणूक यांनी सिकलसेलच्या रुग्णाच्या वेदना उसळतात. जड कोठी उचलताना कंबरेतून वाकू नका, गुडघे दुमडून दोघांनी उचला.

अडगळ, विटा आणि सरपण

धाब्याचे जुने घर किंवा सरपणाचा ढीग हलवताना आत विंचू-साप असतो. काठीने आधी हलवा, हात थेट घालू नका, पायात बूट घाला. दंश झालाच तर चिरा देणे, आवळून बांधणे, मंत्र टाकणे यात वेळ घालवू नका. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग दाखवून दिला आणि मृत्यू खूप कमी झाले. हा उपचार दवाखान्यातच मिळतो, तोही वेळेत पोहोचल्यावर. 108 ला फोन करा.

नव्या घरातला पहिला आठवडा

बांधकामासाठी भरलेले टाके आणि ड्रम रिकामे करून घासा. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी करा. गिलावा ओला आणि रंग ताजा असेल तर दमेकऱ्यांना आणि तान्ह्या बाळांना काही दिवस त्या खोलीत झोपवू नका. दारे-खिडक्या उघड्या ठेवा.

त्याच आठवड्यात तिथल्या आशाताईंना भेटा. घरात गरोदर बाई, तान्हे बाळ, क्षयरोग किंवा बीपीचा रुग्ण असेल तर त्यांच्या वहीत नोंद करून घ्या. अंगणवाडीत मुलाचे नाव घाला. रेशन कोणत्याही दुकानात अंगठा लावून मिळते, म्हणून पत्ता बदलेपर्यंत धान्य सोडू नका. नव्या घराच्या दाराआड भिंतीवर ठळक अक्षरांत दोन आकडे लिहून ठेवा: तातडीसाठी 108 आणि बाळंतिणीच्या गाडीसाठी 102.