अब्राहामाचा देव, त्रैक्याचा देव

ज्यू आणि ख्रिस्ती एकाच देवाची उपासना करतात का, या प्रश्नाला ख्रिस्ती परंपरेने जवळजवळ नेहमीच 'होय' असे उत्तर दिले आहे. ज्यू परंपरेचे उत्तर मात्र देशकालाप्रमाणे बदलत आले आहे. उत्तर देण्याची मोकळीक दोन्ही बाजूंना सारखी नाही, हे या वादाचे मर्म. 'नाही' म्हटल्याने ज्यू धर्माचे फारसे काही अडत नाही. ख्रिस्ती धर्माने तसे म्हटले तर त्याचा पायाच खचतो.

येशू स्वतः ज्यू होता आणि त्याचे पहिले अनुयायीही ज्यूच होते. देव एकच आहे असे सांगणारी 'श्मा' ही घोषणा ज्यू लोक रोज सकाळ-संध्याकाळ म्हणतात. सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असे एका शास्त्र्याने विचारले तेव्हा येशूने याच श्मापासून उत्तराला सुरुवात केली, असे मार्ककृत शुभवर्तमानात आहे. ज्यूंचे शास्त्र ख्रिस्ती लोकांनी 'जुना करार' म्हणून स्वीकारले. प्रॉटेस्टंट पंथीयांच्या जुन्या करारातील 39 पुस्तके आणि ज्यूंची 24 पुस्तके यांतला मजकूर एकच आहे. फरक मोजणीचा आणि क्रमाचा. अर्थात क्रमालाही अर्थ असतो. ज्यू शास्त्र संपते ते बंदिवासातून यरुशलेमला परतण्याच्या परवानगीवर, तर ख्रिस्ती जुना करार संपतो येणाऱ्या संदेष्ट्याच्या आश्वासनावर, आणि पुढचे पान उलटले की नवा करार सुरू होतो.

फाटा फुटला तो येशूच्या स्थानावरून. येशूनंतर वीस-पंचवीस वर्षांतच प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात एक देव पिता आणि एक प्रभू येशू यांची नावे एका दमात घेतली. श्माचा आधार घेऊन त्याने येशूला तिच्या आत बसवले, असे अनेक अभ्यासक मानतात. स्वर्गात दोन सत्ता आहेत असे मानणाऱ्यांचा निषेध प्राचीन रब्बींच्या साहित्यात येतो. त्यात ख्रिस्ती लोकही अभिप्रेत असावेत. पुढे 325 साली निकियाच्या परिषदेने पुत्र हा पित्याशी एकतत्त्व असल्याचे ठरवले. 381 सालच्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत पवित्र आत्म्याचे स्थान स्पष्ट झाले आणि त्रैक्याच्या सिद्धांताला निश्चित रूप आले. देव एक आणि व्यक्ती तीन, ही मांडणी ख्रिस्ती लोकांच्या दृष्टीने एकेश्वरवादच आहे. ज्यूंना ती तशी वाटली नाही, आणि देवाने माणसाचा देह धारण केला हे तर त्याहून अवघड वाटले.

दोन देव वेगळे आहेत, असे ख्रिस्ती बाजूने ठामपणे म्हणणारा माणूस दुसऱ्या शतकातच होऊन गेला. काळ्या समुद्राकाठच्या सिनोपे गावचा मार्सियन हा जहाजांच्या धंद्यातला धनिक. जग निर्माण करणारा, नियम लावणारा, शिक्षा करणारा ज्यूंचा देव निराळा आणि येशूने प्रकट केलेला दयाळू पिता निराळा, असे तो शिकवू लागला. जुना करार त्याने पूर्ण टाकून दिला. लूककृत शुभवर्तमानाची काटछाट केलेली प्रत आणि पौलाची दहा पत्रे एवढेच त्याचे शास्त्र. रोमच्या मंडळीने 144 साली त्याला बहिष्कृत केले आणि त्याने दिलेली दोन लाख सेस्टर्सची देणगीही परत केली. पैसे परत करण्याइतका हा प्रश्न मंडळीला गंभीर वाटला होता. पुढे ख्रिस्ती लेखक टर्टुलियनने त्याच्याविरुद्ध पाच खंडांचा ग्रंथ लिहिला. येशू हा मसीहा, म्हणजे पूर्वी दिलेल्या वचनांची पूर्ती. वचन देणारा देवच दुसरा ठरला, तर पूर्ती कशाची?

मार्सियन हरला, पण त्याचा विचार पुन्हा डोके वर काढत राहिला. 1920 च्या दशकाच्या आरंभी जर्मन धर्मेतिहासकार अडॉल्फ फॉन हार्नाक यांनी मार्सियनवर मोठा ग्रंथ लिहिला आणि प्रॉटेस्टंट चर्चने जुन्या कराराला प्रमाण शास्त्र मानणे आता सोडावे, असे सुचवले. पुढचे वळण भयंकर होते. जर्मन चर्चच्या जीवनातून ज्यू प्रभाव हटवण्यासाठी 1939 साली आयझेनाख येथे एक संस्था उभी राहिली, आणि ज्यू संदर्भ गाळलेला नवा करार तिने छापला. देव वेगळे ठरवण्याचा विचार नेहमीच इथवर जातो असे नाही, पण त्याचा हा इतिहास विसरून चालत नाही.

ज्यू धर्मशास्त्रात हा प्रश्न मुळात वेगळ्या रूपात येतो. देव तोच आहे का, यापेक्षा त्याची उपासना मूर्तिपूजेत मोडते का, हे रब्बींना महत्त्वाचे होते, कारण मूर्तिपूजकांशी कसे वागावे याचे तपशीलवार नियम तालमूद या रब्बींच्या धर्मचर्चेच्या ग्रंथात होते. बाराव्या शतकात कॉर्डोबा येथे जन्मलेल्या आणि बहुतेक आयुष्य मुस्लिम राजवटींखाली काढलेल्या मायमोनिडीझने ख्रिस्ती धर्माला मूर्तिपूजेत गणले आणि इस्लामला शुद्ध एकेश्वरवादी मानले. त्याच मायमोनिडीझने दुसरीकडे असा निर्णय दिला की तोरा ख्रिस्ती माणसाला शिकवायला हरकत नाही, मुसलमानाला मात्र शिकवू नये. कारण ख्रिस्ती लोक हा ग्रंथ जसाच्या तसा ईश्वरदत्त मानतात, तर मुसलमानांच्या मते त्यात फेरफार झाले आहेत. म्हणजे एकाशी देव जुळतो पण ग्रंथ नाही, दुसऱ्याशी ग्रंथ जुळतो पण देवाविषयीची कल्पना नाही!

फ्रान्समधल्या रब्बींची अडचण व्यवहारातली होती. त्यांचे पोट ख्रिस्ती लोकांशी होणाऱ्या व्यापारावर. भागीदारीत वाद झाला आणि ख्रिस्ती भागीदाराला शपथ घ्यावी लागली, तर तो आपल्या संतांच्या नावाने घेणार. त्याचे पाप ज्यू भागीदाराला लागते का? राशी या प्रसिद्ध ज्यू भाष्यकाराचा नातू रब्बेनू ताम आणि त्याच्या परंपरेतल्या भाष्यकारांनी वाट काढली. हे लोक संतांचे नाव घेत असले, तरी त्यांच्या मनात आकाश आणि पृथ्वी यांचा निर्माताच असतो. देवासोबत दुसऱ्याचे नाव जोडण्याची बंदी बिगरज्यूंना नाही. शपथेपुरता असलेला हा युक्तिवाद नंतरच्या अनेक रब्बींनी उपासनेलाही लावला. या वाचनानुसार ख्रिस्ती उपासना ख्रिस्ती माणसाला क्षम्य आणि ज्यूला निषिद्ध. पेर्पिन्याँचा मेनाखेम मेईरी आणखी पुढे गेला: धर्माच्या बंधनात राहणाऱ्या समाजांना प्राचीन मूर्तिपूजकांचे नियम लागूच होत नाहीत, असे त्याने म्हटले.

आधुनिक तत्त्वज्ञ इथे शुक्राचा दाखला देतात. पहाटे दिसणारा आणि सायंकाळी दिसणारा शुक्र वेगळे आहेत असे कोणी मानले, तरी ग्रह एकच असतो. वर्णने वेगळी म्हणून वस्तू दोन होत नाहीत. दाखला उपयोगी आहे, पण अपुरा. शुक्र एकच आहे हे दुर्बिणीने ठरवता येते; देवाच्या बाबतीत वर्णनापलीकडे जाऊन पडताळण्याची सोय नाही. शिवाय त्रैक्य हे ख्रिस्ती माणसाला देवाचे वरवरचे वर्णन वाटत नाही, ते देवाचे स्वरूपच आहे.

दुसऱ्या महायुद्धातल्या ज्यूसंहारानंतर चर्चचा सूर बदलला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी 'नोस्त्रा एताते' ही घोषणा मंजूर केली आणि येशूच्या मृत्यूचा दोष सरसकट ज्यूंवर ठेवता येत नाही, हे स्पष्ट केले. तिला प्रतिसाद म्हणून सप्टेंबर 2000 मध्ये दीडशेहून अधिक ज्यू रब्बी आणि विद्वानांनी 'दाब्रू एमेत' हे निवेदन प्रसिद्ध केले. दोन्ही धर्म एकाच देवाची उपासना करतात, हा त्यातला पहिलाच मुद्दा. हार्वर्डचे ज्यू अभ्यासक जॉन लेव्हेन्सन यांनी त्यावर कडक टीका केली: सलोख्याच्या भरात त्रैक्य आणि देहधारण यांसारखे खरे मतभेद पुसले जात आहेत. ऑर्थोडॉक्स रब्बी जोसेफ सोलोवेचिक यांनी तर 1964 सालीच बजावले होते की सामाजिक कामात सहकार्य जरूर करावे, श्रद्धेच्या गाभ्यावर वाटाघाटी करू नयेत.

कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजात हाच प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला गेला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मिशनऱ्यांनी त्यांच्या मुलांसाठी मराठी शाळा काढल्या. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. समान शास्त्रावरून हे लोक येशूपर्यंत येतील, अशी मिशनऱ्यांची आशा होती. बेने इस्रायलांनी व्याकरण घेतले, मराठी जुना करार घेतला, शाळांचा लाभ घेतला; धर्मांतर मात्र फारच थोड्यांनी केले. मिशनऱ्यांच्या मदतीने त्यांचे ज्यूपण उलट पक्केच झाले.

उपासनेच्या जागी गेल्यावर दोन्ही बाजूंच्या मोकळिकीतली असमानता आजही दिसते. चर्चमध्ये म्हटली जाणारी जुन्या करारातली स्तोत्रे मुळात हिब्रूच आहेत, आणि सिनेगॉगमधल्या बहुतेक प्रार्थनांना ख्रिस्ती पाहुणा बिनदिक्कत 'आमेन' म्हणू शकतो. ज्यू पाहुण्याला येशूच्या नावाने संपणाऱ्या प्रार्थनेला तसे म्हणता येत नाही, आणि अनेक ऑर्थोडॉक्स धर्माधिकारी तर त्याला चर्चमध्ये पाऊल ठेवायलाही मनाई करतात.