मधुमेह असणाऱ्याने डॉक्टरांकडे केव्हा केव्हा जावे?

डॉक्टरांकडे जाण्याची आपली एक जुनी रीत आहे. अंगात ताप भरला, पोटात कळ आली, दाढ ठणकू लागली, की माणूस दवाखान्याची वाट धरतो. आणि दुखणे थांबले की ती वाट विसरतो. सर्दीपडशाला ही रीत चालून जाते. मधुमेहाला मात्र ती मुळीच लागू पडत नाही. कारण मधुमेह बहुधा दुखतच नाही. रक्तातील साखर महिनोन् महिने वाढलेली असते, आणि तरीही माणूस शेतात राबत असतो, वर्गावर शिकवीत असतो, त्याचे जेवणखाण नेहमीसारखे चालू असते. म्हणून या रोगात डॉक्टरांकडे जाण्याचा दिवस दुखण्यावर सोपवू नये. तो आधीच ठरवून ठेवावा. किती दिवसांनी ठरवावा, आणि तेवढ्याच दिवसांनी का, हे येथे पाहू.

मधुमेह आपल्या देशाला नवा नाही. लघवीला मधासारखी गोडी येते, ही खूण चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत नोंदलेली आहे. पण आज त्याचा फैलाव फार मोठा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेली एक देशव्यापी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तीत भारतातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी असल्याचा अंदाज निघाला. हा केवळ शहरातल्या, बसून काम करणाऱ्यांचा रोग आहे, ही समजूत आता सोडून द्यावयास हवी.

दुखत नाही म्हणजे बिघडत नाही, असे मात्र समजू नका. ब्रिटनमध्ये १९७७ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला आणि तो वीस वर्षे चालला. मधुमेह नुकताच कळलेले पाच हजारांवर लोक त्यात होते. आरंभीच त्यांची तपासणी केली, तेव्हा जवळजवळ निम्म्या लोकांच्या शरीरात या रोगाची काही ना काही इजा आधीच झालेली आढळली. म्हणजे रोगाचे नाव कळण्यापूर्वीच रोग कामाला लागला होता! पण त्याच अभ्यासाने दिलासाही दिला. ज्यांची साखर अधिक काटेकोरपणे आटोक्यात ठेवली, त्यांच्यात बारीक रक्तवाहिन्यांची, म्हणजे मुख्यतः डोळ्यांची व मूत्रपिंडांची, इजा सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाली. हे निष्कर्ष १९९८ साली जाहीर झाले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नियमित भेट किती दिवसांनी घ्यावी? सर्वसाधारण उत्तर असे: दर तीन महिन्यांनी. साखर चांगली आटोक्यात असेल आणि औषधे बदललेली नसतील, तर दर सहा महिन्यांनी चालेल. सहा महिन्यांपेक्षा जास्त खंड मात्र कोणीही पडू देऊ नये.

तीन महिनेच का, असे कोणी विचारील. प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या रक्तातच आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्यांच्यातील हिमोग्लोबिनला रक्तातली साखर हळूहळू चिकटत जाते. साखर जितकी जास्त, तितकी ती अधिक चिकटते. आणि एकदा चिकटली, की पेशी जिवंत असेतो बहुधा सुटत नाही. ही चिकटलेली साखर मोजण्याच्या तपासणीला ‘एचबीएवनसी’ म्हणतात. पुष्कळ ठिकाणी लोक तिला ‘तीन महिन्यांची साखर’ असेच म्हणतात, आणि ते नाव अगदी बरोबर आहे. मागच्या दोन-तीन महिन्यांत साखर सरासरी कशी होती, ते तीवरून समजते. बहुतेक प्रौढांत हा आकडा ७ टक्क्यांच्या खाली असावा. फार वृद्ध किंवा इतर आजारांनी थकलेल्या माणसाला डॉक्टर थोडी सवलत देतात.

शिक्षकमंडळींना ही गोष्ट चटकन उमगेल. साहेब तपासणीला येणार म्हटले, की त्या दिवशी शाळा झाडूनपुसून लख्ख होते आणि वर्ग भरलेला दिसतो. पण शाळा खरोखर कशी चालते ते कळते हजेरीपटावरून. उपाशीपोटी काढलेली एका दिवसाची साखर ही तपासणीच्या दिवसासारखी आहे. दोन दिवस गोड टाळले, आदल्या रात्री थोडे कमी जेवले, की आकडा गोंडस दिसतो. एचबीएवनसी हा हजेरीपट आहे; त्याला फसवता येत नाही. रोजचे औषध ठरवायला एका दिवसाची साखरही लागतेच, पण तेवढ्यावर समाधान मानू नये.

येथे एक सूचना ध्यानात ठेवा. ज्यांना सिकलसेलचा आजार आहे किंवा अंगात रक्त फार कमी आहे, त्यांच्यात एचबीएवनसीचा आकडा चुकीचा येऊ शकतो. आपल्याकडे विदर्भात आणि नंदुरबारकडच्या आदिवासी भागात सिकलसेल आढळतो. अशा रोग्याने ही गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगावी, म्हणजे ते दुसऱ्या रीतीने साखर पाहतील.

दर तीन महिन्यांच्या भेटीत काय व्हायला हवे? वजन आणि रक्तदाब प्रत्येक वेळी पाहिला पाहिजे. रक्तदाब सामान्यतः १३०/८० च्या खाली असणे बरे, कारण वाढलेली साखर आणि वाढलेला रक्तदाब ही जोडी मूत्रपिंडाला व हृदयाला फार जाचते. गोळ्या कोणत्या, किती, आणि खरोखर घेतल्या जातात का, हे बोलून घ्यावे. गोळीने पोट बिघडत असेल, गोळी परवडत नसेल, उपवासाच्या दिवशी काय करावे ते कळत नसेल, तर तेथेच विचारावे. मनाने गोळी बंद करू नये. आणि पायातली वहाण काढून डॉक्टरांना पाय दाखवावेत. पायांची बधिरता एकदा सुरू झालेली असेल, तर ते प्रत्येक भेटीत पाहिलेच पाहिजेत.

याखेरीज काही तपासण्या वर्षातून एकदा करावयाच्या असतात. पहिली डोळ्यांची. चष्म्याचा नंबर काढणे वेगळे, ही वेगळी. हिच्यात थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि डोळ्याच्या आतला पडदा पाहतात. पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडू लागल्या, तरी सुरुवातीला नजर स्वच्छच असते. नजर अंधूक होते तेव्हा बराच उशीर झालेला असतो. वेळीच कळले, तर बहुतेकांची दृष्टी उपचारांनी वाचवता येते.

दुसरी मूत्रपिंडांची. लघवीत अल्ब्युमिन नावाचे प्रथिन थोडे थोडे झिरपते आहे का, आणि रक्तातील क्रिएटिनिन किती, हे पाहतात. पायावर सूज येण्याच्या कितीतरी आधी ही गळती दिसते.

तिसरी पायांची. शाळेत विज्ञानाच्या तासाला वापरतात तसा नादकाटा किंवा नायलॉनचा एक तंतू पायाला लावून संवेदना तपासतात, घोट्याजवळची नाडी पाहतात. शेतकऱ्याला याचे महत्त्व अधिक. अनवाणी चालताना बाभळीचा काटा मोडला आणि तो बोचलाच नाही, तर त्यात सुख मानू नका. काटा आत राहतो, जखम चिघळते आणि गोष्ट पाय कापण्यापर्यंत जाते. रोज रात्री पाय धुऊन, पुसून, दिव्याशी धरून तळवे पाहणे हे काम घरच्या घरी करायचे आहे. यासोबत वर्षातून एकदा रक्तातील चरबी तपासावी, आणि दातांच्या डॉक्टरांकडेही जाऊन यावे.

नेहमीच्या मधुमेहात या वार्षिक तपासण्या रोग कळल्यावर लगेच सुरू करायच्या, कारण तो किती दिवस लपून होता हे कोणालाच ठाऊक नसते.

काही वेळा मात्र तीन महिने थांबायचे नसते. औषध नवे सुरू केले किंवा बदलले असेल, तर दोन ते चार आठवड्यांत पुन्हा जावे. इन्शुलिन नव्याने सुरू झाले असेल, तर त्याहूनही लवकर. मधुमेह असलेल्या स्त्रीने गरोदर राहण्याआधीच सल्ला घ्यावा, आणि दिवस राहिल्यावर दर एक-दोन आठवड्यांनी दाखवावे. आणि पायाला जखम, सतत उलट्या, धाप लागणे, छातीत कळ, एकाएकी नजर जाणे, वारंवार ३०० च्या वर साखर, यांपैकी काहीही झाले, तर तारीख पाहत बसू नये. त्याच दिवशी निघावे.

शिक्षकांसाठी दोन शब्द. मधुमेह मुलांनाही होतो, आणि त्यांना इन्शुलिनवाचून गत्यंतर नसते. १९२२ सालच्या जानेवारीत टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला माणसांत प्रथमच इन्शुलिन टोचले गेले. त्यापूर्वी अशी मुले फार दिवस जगत नसत. वर्गातले एखादे मूल सारखे पाणी पिऊ लागले, लघवीला वारंवार जाऊ लागले, झपाट्याने वाळू लागले, तर पालकांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा. इन्शुलिन घेणाऱ्या मुलाला एकदम घाम फुटला, हात थरथरू लागले, ते असंबद्ध बोलू लागले, तर साखर उतरली असे समजून तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही, तर पुन्हा द्या. मूल बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालू नका, दवाखाना गाठा. अशा मुलाची डॉक्टरांकडची भेट दर तीन महिन्यांची असते. त्या दिवशीच्या गैरहजेरीबद्दल त्याला बोल लावू नका.

आता कोणी म्हणेल, ‘एवढ्या फेऱ्या, एवढी मजुरी बुडवणे, हे कोणी करावे?’ अडचण खरी आहे. पण वर्षातून चार दिवस म्हणजे किती? साखर, रक्तदाब आणि नेहमीच्या गोळ्या यांची सोय प्राथमिक आरोग्य केंद्रात असते. आशाताईंना विचारले तर वार त्याच सांगतील. डोळ्यांच्या पडद्यासाठी उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात जावे लागेल, ते वर्षातून एकदाच. जाताना एक वही न्यावी. तीत तारीख, साखर, रक्तदाब, वजन आणि औषध लिहावे. डॉक्टर बदलले तरी वही तीच राहते.

तारखा लक्षात ठेवायला आपले सणवार पुरेसे आहेत. मृग निघाला की एक भेट, गणपतीच्या सुमारास दुसरी, दत्तजयंतीला तिसरी आणि होळीला चौथी. झाले तीन-तीन महिने. वार्षिक तपासण्यांसाठी १४ नोव्हेंबर ध्यानात ठेवावा. हा बालदिन, आणि इन्शुलिन शोधणाऱ्या बँटिंग यांचा जन्मदिवस म्हणून हाच जागतिक मधुमेह दिनही आहे. गुरुजींनी त्या दिवशी मुलांना एक काम सांगावे: घरी जाऊन आजी-आजोबांना विचारून यायचे, ‘तुमचे डोळे आणि पाय यंदा दाखवले का?’ मुलाने विचारलेला प्रश्न घरात सहसा कोणी टाळत नाही.