बाळाच्या पहिल्या रेघोट्या

पाऊस सरला, कीं उल्हास व पाताळगंगा यांच्या खोऱ्यांत, म्हणजे कर्जत आणि खालापूर तालुक्यांत, अंगणें चोपून पुन्हां सारवलीं जातात. त्या ओल्या सारवणावर दीड वर्षाचें मूल बोट ओढतें आणि घरांतील बाई त्यास दटावते. तिचा राग वावगा नाहीं. कष्ट तिचे आहेत. परंतु मुलाच्या हातून घडलें ती खोडी नव्हे. बोट फिरलें आणि मागें खूण उरली, हा त्याच्यापुरता मोठाच शोध होय. अमेरिकेंत १९६८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत सव्वा ते तीन वर्षांच्या मुलांपुढें दोन सारख्या लेखण्या ठेविल्या होत्या. एकीची रेघ उमटे, दुसरीची उमटत नसे. दुसरी हातीं येतांच मुलांचें रेघाटणें ओसरलें. नुसता हात हलविण्यांत त्यांस गोडी नव्हती.

आरंभीं मूल खडू मुठींत धरतें व खांद्यापासून सारा हात फिरवितें; रेघा कागदाबाहेरही जातात. पुढें कोपर आणि मनगट कामास लागतें, डोळा हातावर नजर ठेवूं लागतो, आणि दोन वर्षांनंतर गोल भेंडोळीं दिसूं लागतात. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास फिरणारी रेघ एके दिवशीं आरंभाच्या ठिकाणीं येऊन मिळते. वर्तुळ बंद झालें! आतां त्यास आंत आहे, बाहेर आहे. त्यास 'आई' म्हणतां येतें. बहुधा हें नांव काढून झाल्यावर सुचतें आणि घटकेंत बदलतें. कर्जतच्या मुलास घाट चढणारी गाडी परिचयाची. तेव्हां आतांचा 'मामा' पाहतां पाहतां 'आगगाडी' होतो. यांत खोटेपणा नाहीं. फ्रान्सच्या ल्यूके यांनीं १९२७ सालच्या आपल्या ग्रंथांत अशा योगायोगानें गवसलेल्या साम्यास चित्रकलेची पहिली पायरी मानलें आहे. नंतर त्या वर्तुळास डोळे फुटतात आणि खालून थेट दोन पाय निघतात. पोट नाहीं, मान नाहीं. डबक्यांतील बेडूकमाशासारखा हा मनुष्य देशोदेशींच्या मुलांनीं काढला आहे.

शहरांतील सुशिक्षित घरांत सारवण नसतें, पण घाई असते. तीन वर्षें पुरीं होतात न होतात तोंच मुलाचा हात धरून 'ग' गिरवून घेतला जातो. उभी रेघ मूल पाहून काढूं शकतें तें दोन-अडीच वर्षांचें झाल्यावर. वर्तुळ तिसऱ्या वर्षीं, फुली चवथ्याच्या आसपास, चौकोन साधारण साडेचारास, त्रिकोण पांचास. मागेंपुढें होतें, पण क्रम बहुधा हाच. ज्या हातास चौकोनाचा कोपरा वळवितां येत नाहीं, त्याच्याकडून 'ग' ची गांठ, काना आणि वरची रेघ मागणें म्हणजे पेरणीच्या महिन्यांत लोंब्या शोधणें होय. अक्षर कसेंबसें उमटतें. मात्र कागद पुढें आला, कीं मूल हात आखडूं लागतें, आणि ही हानि कोणाच्या लक्षांतही येत नाहीं.

याच उत्तर कोंकणांत, बोर्डी येथें, ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं ग्रामीण बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें, तेव्हां महागड्या साधनांऐवजीं गांवांत सांपडणाऱ्या वस्तूंवर भर दिला. कर्जत-खालापुरांतील वाड्यांवर तशा वस्तूंस तोटा नाहीं: गेरू, चुलींतला कोळसा, नदीकांठची वाळू. गॅलरीच्या फरशीवर ओला बोळा आणि जाडा खडू एवढ्यावरही शहरांत काम भागतें. "हें काय काढलेंस?" असें विचारलें, तर अडीच वर्षांचें मूल गोंधळतें, "सांग पाहूं याची गोष्ट" म्हटलें, तर बोलूं लागतें. आणि सारवणारी बाई शहाणी असली, तर अंगणाचा एक कोपरा शेवटीं सारवावयास ठेवते.