क्रीडाप्रक्षेपण : ग्राहक कोण, माल कोणता?

दूरचित्रवाणीच्या पडद्यावरील खेळाचे चित्र जसजसे अधिक स्वच्छ होत गेले, तसतसे ते दाखविणाऱ्या वाहिन्यांविषयीचे प्रेक्षकाचे मत अधिक प्रतिकूल होत गेले, असे गेल्या चाळीस वर्षांच्या अनुभवावरून दिसते. वरकरणी ही गोष्ट चमत्कारिक वाटते. खामगावसारख्या तालुक्याच्या गावी आज खेळपट्टीवरील भेगही घरबसल्या दिसते. चेंडू यष्टीवर गेला असता की नाही, हे क्षणार्धात रेखाटून दाखविले जाते. तरीही सामना संपल्यावर शिक्षकांच्या खोलीत, कचेरीत किंवा महाविद्यालयाच्या आवारात खेळाडूंच्या खालोखाल बोलणी खातो तो वाहिनीवाला. जाहिराती फार, बडबड फार आणि वर्गणीही फार, असा तक्रारीचा सारांश असतो. याच गावात एके काळी मुंग्या आलेल्या कृष्णधवल चित्रापुढे शेजारीपाजारी दाटीवाटीने बसत आणि दूरदर्शनला दुवा देत. मग मधल्या काळात बिघडले ते काय? प्रेक्षक कृतघ्न झाला, हे उत्तर सोपे असले तरी खरे नाही. प्रेक्षकाचे वाहिनीशी असलेले नातेच बदलले आणि त्या बदलाचा हिशेब त्याच्यापुढे कोणी मांडला नाही.

एकाधिकाराचे दिवस

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, परंतु वऱ्हाडात चित्र दिसण्यास त्यानंतर बरीच वर्षे जावी लागली. तोवर क्रिकेट ही ऐकण्याची गोष्ट होती. बाळ ज. पंडित यांच्या मराठी समालोचनाने ज्यांचे कान तयार झाले, त्यांनी कितीतरी कसोट्या मनाच्या पडद्यावरच पाहिल्या. १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या निमित्ताने रंगीत चित्र आले. पुढच्याच वर्षी, २५ जून १९८३ रोजी, लॉर्ड्सवर १८३ धावांत गुंडाळल्या गेलेल्या भारतीय संघाने वेस्ट इंडीजला ४३ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्याच स्पर्धेत १८ जून रोजी टनब्रिज वेल्स येथे कपिलदेवने झिंबाब्वेविरुद्ध काढलेल्या नाबाद १७५ धावांचे चित्रण मात्र जगात कोठेच नाही, बी.बी.सी.चे कॅमेरे त्या मैदानावर गेलेच नाहीत. त्या काळी जे दिसले ते लाभले आणि जे दिसले नाही ते नशिबात नव्हते, अशीच प्रेक्षकाची वृत्ती होती.

दूरदर्शनचा कारभार निर्दोष होता, असा याचा अर्थ नव्हे. ऐन रंगात आलेला सामना तोडून बातम्या सुरू होत. ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’ ही पाटी पाहून चरफडावे लागे. पण ती तक्रार रास्त भावाच्या दुकानातील धान्याविषयीच्या तक्रारीसारखी होती. माल हलका खरा. परंतु दुसरे दुकान नव्हते आणि दामही जवळजवळ पडत नव्हता.

खामगावकरांस ही अवस्था समजावून सांगावी लागत नाही. महाराष्ट्र शासनाची कापूस एकाधिकार खरेदी योजनाही १९७२ मध्येच सुरू झाली. शेतकऱ्याने कापूस पणन महासंघालाच घालावा, असा तो कायदा. हमी मिळाली, पण चुकारे वेळेवर मिळेनात. म्हणून शेतकरी योजनेवर रुष्ट असे. या शतकाच्या आरंभी ती योजना सैल होत गेली आणि खाजगी व्यापारी परतला, तेव्हा त्याच्या वजनमापाविषयी नवी गाऱ्हाणी सुरू झाली. एकाधिकार गेला म्हणजे दुर्बळाच्या हाती बळ येतेच असे नाही, हा या कापूसबाजाराचा जुना धडा आहे. क्रीडाप्रक्षेपणाच्या बाजारात तो तंतोतंत लागू पडला.

लहरी कोणाच्या?

नव्वदीच्या आरंभापर्यंत सामना दाखविण्याबद्दल दूरदर्शनच क्रिकेट मंडळाकडे पैसे मागत असे, हे आज कोणास सांगितले तर पटणार नाही. १९९३ च्या हीरो चषकाच्या वेळी बंगाल क्रिकेट संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क परदेशी कंपनीस दिले आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्यायालयाने निर्णय दिला, की प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून त्यांवर शासनाची मक्तेदारी असू शकत नाही. या निर्णयाचा पहिला भाग, म्हणजे शासनाची मक्तेदारी नको हा, व्यापाऱ्यांच्या ताबडतोब ध्यानात आला. दुसरा भाग, म्हणजे लहरी सार्वजनिक आहेत हा, मात्र पुढे बहुतेकांच्या विस्मरणात गेला.

उपग्रह वाहिन्यांचे आरंभी मोठे कौतुक झाले, आणि ते यथार्थ होते. अनेक कॅमेरे, संथगतीची पुनर्दृश्ये, जाणत्या खेळाडूंचे समालोचन यांमुळे सामान्य प्रेक्षकाची खेळाची जाण वाढली. नोव्हेंबर १९९२ मध्ये दरबानच्या कसोटीत सचिन तेंडुलकर पडद्यावरील चित्र पाहून तिसऱ्या पंचाने बाद ठरविलेला पहिला फलंदाज झाला. तेव्हापासून पंचाचा निर्णय ताडून पाहण्याचे साधन घराघरांत आले. हा लाभ सामान्य नव्हे.

दर चेंडूचा भाव

परंतु हे सर्व फुकट येत नाही. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या आय.पी.एल. सामन्यांचे हक्क जून २०२२ मध्ये ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. सामने ४१० धरले तर एका सामन्यास सुमारे ११८ कोटी पडतात. सामन्यात दोन्ही डाव मिळून ४० षटके, म्हणजे २४० चेंडू. एका चेंडूस जवळजवळ ४९ लाख रुपये! शेतात पिकलेल्या कशासही इतका भाव कधी मिळाला नाही. ही रक्कम वाहिनी खिशातून भरत नाही. ती वर्गणीतून आणि जाहिरातींतून वसूल होते. षटकाचा पहिला चेंडू टाकला जात असताना पडद्यावर अजून रंगाचा डबाच दिसतो, याचे कारण निर्मात्याचा निष्काळजीपणा नसून हा हिशेब आहे. केबल टेलिव्हिजनच्या नियमांनुसार तासाला बारा मिनिटांहून अधिक जाहिराती असू नयेत, पण चालू चित्राच्या कडेकोपऱ्यांत शिरणाऱ्या जाहिरातींची मिनिटे कोण मोजणार?

इतकेच नव्हे, तर खेळ स्वतःही या हिशेबाप्रमाणे वाकला. २००९ च्या आय.पी.एल.मध्ये प्रत्येक डावाच्या मध्यावर साडेसात मिनिटांची विश्रांती घालण्यात आली. तीस डावपेचांचा विराम असे भारदस्त नाव मिळाले. पुढे तिचे अडीच-अडीच मिनिटांचे तुकडे झाले. त्यात डावपेच किती शिजतात ते कर्णधार जाणोत. जाहिराती मात्र नेमाने लागतात.

येथे मूळ प्रश्नाचे उत्तर सापडते. आपण ग्राहक आहोत, अशी प्रेक्षकाची समजूत असते. वस्तुतः या बाजारातील मोठा ग्राहक जाहिरातदार आहे आणि विकला जाणारा माल आहे प्रेक्षकाचे लक्ष. कापूस जसा दाबून, गाठी बांधून विकला जातो, तसे लक्षावधींचे लक्ष एकत्र बांधून विकले जाते. गाठीस आपल्या भावाविषयी मत नसते. प्रेक्षकास असते, पण ते विचारले जात नाही. या व्यवहाराची झळ केवळ कंटाळ्याची नाही. काल्पनिक संघ निवडून पैसे लावण्याच्या खेळांची जाहिरात वर्षानुवर्षे नामांकित खेळाडूंच्या तोंडून सामन्यागणिक होत राहिली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, तेव्हा कुठे ती थांबली. तोवर महाविद्यालयीन वयाच्या किती मुलांनी हात पोळून घेतले, याची नोंद वाहिन्यांच्या ताळेबंदात सापडणार नाही.

नागपूरचा सामना, पण नागपुरात न दिसणारा

प्रेक्षकाचा हक्क काही आहे की नाही, हा प्रश्न विदर्भाच्याच भूमीवर एकदा उभा राहिला होता. २१ जानेवारी २००७ रोजी नागपूरला भारत व वेस्ट इंडीज यांचा एकदिवसीय सामना झाला. हक्क असलेल्या खाजगी वाहिनीने दूरदर्शनला थेट चित्र दिले नाही. ज्यांच्या घरी केवळ दूरदर्शन होते, त्या वैदर्भीयांस आपल्याच मैदानावरील सामना थेट पाहता आला नाही. न्यायालयाने सात मिनिटे उशिराचे चित्र देण्यास सांगितले. शासनाने अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे थेट चित्र, जाहिराती वगळून, प्रसार भारतीस द्यावे आणि जाहिरातींचे उत्पन्न ७५ व २५ टक्के असे वाटून घ्यावे, अशी त्यात तरतूद आहे.

पण ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचा अर्थ लावताना सांगितले, की असे मिळालेले चित्र प्रसार भारतीने स्वतःच्या भूप्रक्षेपणावर व स्वतःच्या थेट सेवेवरच दाखवावे. केबलचालकांमार्फत ते पोहोचवू नये. कायद्याच्या शब्दांप्रमाणे तो निर्णय बिनचूक असेल. व्यवहारात मात्र ज्याच्या घरी दूरदर्शनची मोफत तबकडी आहे त्यास सामना दिसतो, आणि जो दरमहा केबलचे पैसे भरतो त्यास त्याच दूरदर्शनवर तो दिसत नाही. शिवाय आय.पी.एल. राष्ट्रीय महत्त्वाच्या यादीत नाही, आणि भ्रमणध्वनीवर सामना पाहणाऱ्या पिढीचा विचार २००७ मध्ये झालेला नव्हता.

त्या पिढीचा अनुभव तर आणखी उद्बोधक आहे. २०२३ मध्ये आय.पी.एल. भ्रमणध्वनीवर फुकट दिसू लागली, मराठी समालोचनासह दिसू लागली आणि विद्यार्थ्यांनी नव्या मालकाचा जयजयकार केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन बलाढ्य कंपन्या एक झाल्या. आय.पी.एल., भारतातील आंतरराष्ट्रीय सामने आणि जागतिक स्पर्धा असे तिन्ही हक्क एका छपराखाली आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या सेवेचा तीन महिन्यांसाठी १४९ रुपयांपासूनचा दर जाहीर झाला आणि जयजयकाराचे रूपांतर कुरकुरीत झाले. विलीनीकरणास स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०२४ मध्ये सशर्त मान्यता दिली, तेव्हा चर्चा झाली ती प्रामुख्याने क्रिकेटच्या जाहिरातींचे दर अवाजवी वाढू नयेत याची. ग्राहक कोण, याचा याहून स्पष्ट पुरावा नको. शासनाच्या एकाधिकारापासून निघालेली ही वाट अनेक दुकानांच्या गल्लीतून फिरून पुन्हा एका मोठ्या दुकानाच्या दाराशी आली आहे. फरक इतकाच, की या दुकानदारास विधिमंडळात किंवा संसदेत प्रश्न विचारता येत नाही.

प्रेक्षकाचीही उलटतपासणी

न्यायाने बोलायचे तर प्रेक्षकाच्या मागण्याही परस्परविरोधी आहेत. उत्कृष्ट चित्र हवे, जाहिराती नकोत आणि पैसेही नकोत, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी कोणताही बाजार देऊ शकत नाही. वाहिन्यांनी चांगले काहीच केले नाही, हेही खरे नाही. ज्या कबड्डीची १९८२ च्या एशियाडमध्ये केवळ प्रात्यक्षिके झाली, तिला २६ जुलै २०१४ रोजी सुरू झालेल्या प्रो-कबड्डीने घरोघरी नेले. तीस सेकंदांची चढाई, प्रकाशझोतातले मैदान हे सारे पडद्यासाठी रचलेले असेल. तथापि मातीतल्या खेळाडूस त्यातून नाव आणि पोटापाण्यास आधार मिळाला. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा मुलींच्या खेळाकडे पाहण्याची दृष्टी घराघरांत पालटली, तीही थेट चित्रामुळेच.

उलट, विदर्भाच्या संघाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा रणजी करंडक जिंकला. अकोल्याच्या आदित्य ठाकरे याने पहिल्या विजयाच्या अंतिम सामन्यातच पदार्पण केले. खामगावपासून दीड तासाच्या अंतरावरील गावचा मुलगा! पण साखळी सामन्यांपैकी मोजकेच पडद्यावर येतात आणि जे येतात तेही पाहणारे थोडे. मागणी नाही म्हणून पुरवठा नाही, आणि पुरवठा नाही म्हणून मागणी तयार होत नाही, अशा या चक्रात नफ्यासाठी चालणारी संस्था अडकणारच. अशा ठिकाणीच सार्वजनिक प्रक्षेपणसंस्थेचे कर्तव्य सुरू होते.

तेव्हा दूरदर्शनच्या जुन्या दिवसांची हळहळ करण्यात अर्थ नाही; ते दिवस परतणार नाहीत आणि परतावेत असेही नाही. २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करून राष्ट्रीय महत्त्वाचे सामने केबलवरील व भ्रमणध्वनीवरील दूरदर्शनवर विनामूल्य दिसावेत. चेंडू चालू असताना जाहिरात लावण्यास दंड असावा. आणि रणजी, कबड्डी, खो-खो यांच्या महत्त्वाच्या सामन्यांची जबाबदारी प्रसार भारतीने पत्करावी, एवढ्या मागण्या अवास्तव नाहीत. मात्र त्या चहाच्या टपरीवर बोलून मान्य होणार नाहीत. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम आरंभिले, तेव्हा वजनमापाची तक्रारही अशीच घरगुती कुरकुर समजली जात होती. संघटनेमुळे तिला कायद्याचे बळ आले. क्रीडारसिकांनी तोच मार्ग धरला पाहिजे. लहरी सार्वजनिक आहेत, असे न्यायालयाने सांगून तीस वर्षे उलटली. त्या लहरींच्या मालकांनी आता निदान भाडेपट्ट्याच्या अटी तरी वाचण्यास मागाव्यात.